२,९४,४०९ : मूळ संख्येचं सोंग घेणारी संख्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: २,९४,४०९ ही संख्या फर्माच्या कसोटीवर (संख्या मूळ आहे का हे एखाद्या ‘पाया’ संख्येच्या घाताच्या बाकीवरून तपासण्याची पद्धत) २, ३, ५, ७ अशा जवळजवळ कुठल्याही पायाने तपासली तरी उत्तर ‘मूळ असावी’ असंच येतं, पण विभाजक शोधणारा प्रोग्रॅम तिला संयुक्त ठरवतो. खरं कोण? आणि या संख्येचे बाकीचे गुणधर्म कोणते, ती कोणकोणत्या वर्गांत बसते?

ती संयुक्त आहे: २,९४,४०९ = ३७ × ७३ × १०९. दोन्ही प्रोग्रॅममध्ये चूक नाही. फर्माची कसोटी तुम्ही समजता त्या प्रश्नाचं उत्तर देतच नाही, आणि ही संख्या नेमकी तिथेच फसवते.

आधी विभाजक, कारण बाकीचं जवळजवळ सगळं त्यांच्यातूनच निघतं. ५४२ चा वर्ग २,९३,७६४ आणि ५४३ चा २,९४,८४९. म्हणजे वर्गमूळ ५४२ आणि ५४३ च्या मध्ये. ५४२ पर्यंत बरोबर १०० मूळ संख्या आहेत (शंभरावी ५४१), तेव्हा जास्तीत जास्त १०० भागाकारांत निकाल लागतो. २, ३, ५ तर नुसत्या नजरेने बाद होतात: संख्या विषम आहे, अंकांची बेरीज २८, शेवटी ९.

७, ११ आणि १३ साठी तीन वेगळे भागाकार करत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून एकाआड एक वजा करायचे: ४०९ − २९४ = ११५. या ११५ ला ७ ने भागून बाकी ३, ११ ने ५, १३ ने ११. तिघेही बाद. हेच गट वजा करण्याऐवजी मिळवले तर ९९९ ची कसोटी होते, आणि ९९९ = २७ × ३७. इथे २९४ + ४०९ = ७०३ = १९ × ३७. म्हणजे ३७ ने भाग जातो. मधल्या १७, १९, २३, २९, ३१ यांना मात्र सरळ भागाकारच करावा लागतो. बाक्या अनुक्रमे ३, ४, ९, १, २ येतात. तेव्हा ३७ हाच सर्वांत लहान मूळ विभाजक आणि भागाकार ७,९५७.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे मर्यादा खाली न आणणं. आता शोध ७,९५७ चा आहे, त्याचं वर्गमूळ ८९ च्या जरा पुढे. ५४२ पर्यंत जायचं काहीच कारण उरलं नाही. दुसरी म्हणजे ३७ एकदा लागला की थेट ४१ वर उडी मारणं. तोच विभाजक पुन्हा लागू शकतो, म्हणून ३७ परत तपासायचाच. इथे बाकी २ येते, म्हणजे तो एकदाच आहे. पुढे ४१ ते ७१ कोणीही लागत नाही आणि ७३ × १०९ = ७,९५७. ७३ लवकर पकडायचा असेल तर ७३ × १३७ = १०,००१ लक्षात ठेवा: चार-चार अंकांचे गट करून ४४०९ − २९ = ४३८० = ७३ × ६०. उरलेला १०९ वेगळा तपासायची गरज नाही. ७३ पेक्षा लहान सगळ्या मूळ संख्या आधीच नापास झाल्यात आणि १०९ हा ७३ च्या वर्गापेक्षा कितीतरी लहान, म्हणून तो मूळच.

प्रोग्रॅम लिहिताना वर्गमूळ दशांश अपूर्णांकात काढून त्याच्याशी तुलना करू नका. लहान संख्यांत चालून जातं, पण २ च्या ५३ व्या घातापलीकडे दशांशातला पूर्णांक नेमका साठवला जात नाही आणि एखाद्या मूळ संख्येचा पूर्ण वर्ग ‘मूळ’ म्हणून सुटतो. विभाजकाचा वर्ग संख्येशी ताडून बघा, आणि तो वर्गही साठवणीत मावतो ना, तेवढं पाहा.

दोन वर्गांच्या फरकाची फर्माची युक्ती इथे चालते, पण रडतखडत. ५४३ पासून एकेक संख्या घेऊन तिच्या वर्गातून २,९४,४०९ वजा करायचे आणि उरलं ते पूर्ण वर्ग आहे का बघायचं. ते पहिल्यांदा १,४०५ ला जमतं (उरतो १,२९६ चा वर्ग; १,४०५ − १,२९६ = १०९). म्हणजे ८६३ प्रयत्न. जी गोष्ट साध्या भागाकारात बाराव्या मूळ संख्येला सापडली तिच्यासाठी एवढी पायपीट! दोन विभाजक एकमेकांच्या अगदी जवळ असतील तरच ही युक्ती हाताशी घ्यावी.

आता सोंगाकडे. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की न मूळ असेल आणि पाया अ ला न ने भाग जात नसेल, तर अ चा (न − १) वा घात न ने भागल्यावर बाकी १ उरते. फर्माची कसोटी एवढंच बघते की ही बाकी १ येते का. पण याचा व्यत्यास खरा नाही. काही संयुक्त संख्या त्यांच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) प्रत्येक पायाला बाकी १ च देतात. त्या कारमायकेल संख्या. ओळखण्याची खूण कोर्सेल्टने १८९९ मध्येच दिली होती: संख्या संयुक्त असावी, तिच्यात कुठलाही मूळ विभाजक दोनदा येऊ नये, आणि तिच्या प्रत्येक मूळ विभाजकातून १ वजा केल्यावर जे येतं त्याने न − १ ला भाग जावा. प्रत्यक्ष उदाहरण त्याने दिलं नाही; कारमायकेलने १९१० मध्ये ५६१ दाखवली आणि नाव त्याचं लागलं.

आपल्या संख्येवर हे ताडून बघा. न − १ = २,९४,४०८. त्याला ३६ ने भागून ८,१७८, ७२ ने भागून ४,०८९, १०८ ने भागून २,७२६. तिन्ही वेळा बाकी शून्य. कारमायकेल संख्यांच्या यादीत हिचा क्रमांक २५ वा. दहा लाखांच्या आत अशा संख्या फक्त ४३ आहेत, तर मूळ संख्या ७८,४९८. म्हणून सहज घेतलेल्या संख्येवर फर्माची कसोटी सहसा फसत नाही. पण ‘सहसा’ म्हणजे सिद्धता नव्हे, आणि मुद्दाम निवडलेल्या संख्येपुढे तर ती कसोटी हतबल आहे.

३६, ७२, १०८ यांचं १ : २ : ३ हे प्रमाण योगायोगाने आलेलं नाही. चेर्निकने १९३९ मध्ये दाखवलं की (६क + १), (१२क + १), (१८क + १) या तिन्ही एकाच क साठी मूळ निघाल्या तर त्यांचा गुणाकार कारमायकेल संख्या असतो. क = १ ला ७ × १३ × १९ = १,७२९, म्हणजे रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली तीच संख्या. क = २ ला २५ आडवा येतो, ३ ला ५५, ४ ला पुन्हा २५, ५ ला ९१. क = ६ ला ३७, ७३, १०९ तिन्ही मूळ. म्हणजे २,९४,४०९ ही १,७२९ ची पाठची बहीण. तिसरी पार क = ३५ ला येते: २११ × ४२१ × ६३१ = ५,६०,५२,३६१. कारमायकेल संख्या अनंत आहेत हे आल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पोमरन्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलं. या विशिष्ट कुळातल्या अनंत आहेत का, ते मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

या रचनेमुळे ऑयलरचं फल फार देखणं येतं. २,९४,४०९ पेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या किती? ३६ × ७२ × १०८ = २,७९,९३६, म्हणजे बरोबर ६ चा सातवा घात. आणि ३६, ७२, १०८ यांचा लसावि २१६, म्हणजे ६ चा तिसरा घात. सहमूळ असलेल्या कुठल्याही पायाचा २१६ वा घात घ्या, बाकी १ च उरते. २,९४,४०८ = २१६ × १,३६३ असल्यामुळे फर्माची कसोटी तिथल्या तिथे पार पडते. सगळं सोंग या एका ओळीत उघडं पडतं.

मग ही कसोटी किती वेळा फसते? १ ते २,९४,४०८ मधले २,७९,९३६ पाये खोटी साक्ष देतात. पकडतात ते फक्त १४,४७२, म्हणजे सुमारे ४.९ टक्के, आणि तेही एवढ्याचसाठी की त्यांच्यात ३७, ७३ किंवा १०९ पैकी कोणीतरी विभाजक म्हणून बसलेला आहे. वीस पाये यदृच्छेने निवडले तरी वीसच्या वीस फसण्याची शक्यता ३६-३७ टक्के उरते. ‘पाये वाढवले की खात्री वाढते’ हा भरवसा इथे कामाचा नाही. विभाजक आणखी मोठे असते तर पकडणाऱ्या पायांचं प्रमाण याहूनही विरळ झालं असतं.

उपाय म्हणजे मिलर-राबिन कसोटी, आणि ही संख्या ती शिकायला इतकी सोयीची आहे की सगळं कागदावर होतं. न − १ मधून २ चे घात बाजूला काढा: २,९४,४०८ = ८ × ३६,८०१. आता २ चा ३६,८०१ वा घात न ने भागून बाकी काढायची. घातांक अवाढव्य दिसतो, पण २ चा ३६ वा घातच बाकी १ देतो (ताळा: २ चा ३६ वा घात ६८,७१,९४,७६,७३६, त्यातून १ वजा केला की २,९४,४०९ × २,३३,४१५). ३६,८०१ ला ३६ ने भागून बाकी ९, म्हणून उत्तर २ चा नववा घात, ५१२. पुढे वर्ग करत जा: ५१२ चा वर्ग २,६२,१४४, आणि २,६२,१४४ चा वर्ग भागल्यावर बाकी १.

५१२, २,६२,१४४, १. संख्या मूळ असती तर १ च्या अगोदरची पायरी १ किंवा न − १ यांपैकीच असायला हवी होती, कारण मूळ संख्येने भागताना १ ला दुसरं वर्गमूळ नसतं. इथे तिसरंच निघालं, म्हणजे संख्या संयुक्त. वर बोनस असा की विभाजकही हाती लागतात: २,६२,१४४ − १ आणि न यांचा मसावि ७३, आणि २,६२,१४४ + १ आणि न यांचा मसावि ४,०३३ = ३७ × १०९. हा बोनस नेहमी मिळत नाही. कसोटी बहुधा ‘संयुक्त’ एवढंच सांगून थांबते.

मिलर-राबिनलाही फसवणारे पाये असतात. या संख्येसाठी ते २१,८७० आहेत, म्हणजे ७.४ टक्के. संयुक्त विषम संख्येसाठी हे प्रमाण कधीही चौथ्या हिश्श्यापलीकडे जात नाही, हे राबिनने १९८० मध्ये सिद्ध केलं. फर्माच्या ९५ टक्क्यांशेजारी हे ७.४ ठेवून पाहा, मग नुसती फर्माची कसोटी का वापरू नये हे वेगळं सांगावं लागणार नाही. १३,७३,६५३ च्या आतल्या संख्यांना २ आणि ३ हे दोनच पाये पुरतात आणि निकाल पक्का असतो, शक्यतेचा नाही. २, ३, ५, ७ हे चार पाये ३,२१,५०,३१,७५१ च्या आत पुरतात. ६४ बिटांत मावणाऱ्या कुठल्याही संख्येला २ ते ३७ या पहिल्या बारा मूळ संख्या पुरेशा आहेत.

प्रोग्रॅममध्ये बिघडतं ते इथे. २,६२,१४४ चा वर्ग म्हणजे २ चा ३६ वा घात. ३२ बिटांच्या पूर्णांकात त्याचे खालचे ३२ बिट सगळे शून्य, म्हणून बाकी १ ऐवजी ० येते आणि पुढचं सगळं वाया. न ३२ बिटांत मावत असला तरी गुणाकार ६४ बिटांत करा, आणि न ६४ बिटांचा असेल तर १२८ बिटांत. दुसरी ठरलेली चूक: बारा पायांची यादी लावल्यावर ३७ ही संख्या स्वतःच ‘संयुक्त’ ठरते, कारण पाया ३७ ला ३७ ने भागून बाकी शून्य. असा पाया वगळायचा असतो.

विभाजक शोधणाऱ्या पोलार्डच्या ‘प − १’ पद्धतीबद्दलही (प म्हणजे मूळ विभाजक) सांगायला हवं, कारण ही संख्या तिला एका गमतीदार खड्ड्यात पाडते. पद्धत अशी: पाया २ घेऊन त्याला क्रमाने २, ३, ४, ५… घात चढवत जायचे आणि दर पायरीला ‘आलेली संख्या − १’ आणि न यांचा मसावि काढायचा. घातांक १२० होईपर्यंत (५ ची पायरी) मसावि १. पुढची पायरी, घातांक ७२०, आणि मसावि एकदम २,९४,४०९. म्हणजे काहीच नाही पासून सगळंच, मधलं काही नाही. कारण ३६, ७२, १०८ यांत २ आणि ३ शिवाय दुसरा मूळ विभाजकच नाही, म्हणून तिन्ही एकाच झटक्यात सापळ्यात येतात. ‘पद्धत निकामी आहे’ असं म्हणून सोडू नका, पाया बदला. पाया ३ घेतला तर घातांक २४ लाच मसावि ७३ येतो. किंवा पाया २ च ठेवून आधी नुसते ३ चे घात चढवा: २ चा नववा घात वजा १ म्हणजे ५११ = ७ × ७३.

विभाजक कळले की वर्गवारी भराभर उरकते. एकूण विभाजक आठ: १, ३७, ७३, १०९, २,७०१, ४,०३३, ७,९५७ आणि ती स्वतः. त्यांची बेरीज ३८ × ७४ × ११० = ३,०९,३२०. स्वतःला वगळून उरते १४,९११, संख्येपेक्षा फारच कमी, म्हणून ती न्यून संख्या. परिपूर्ण नाही, विपुल तर नाहीच. तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार म्हणून स्फेनिक, कुठलाही विभाजक दोनदा नाही म्हणून वर्गमुक्त, आणि मोबियसचं फल −१ (वर्गमुक्त संख्येत मूळ विभाजक विषम संख्येने असले की −१, सम संख्येने असले की +१). ती स्वतः त्रिकोणी संख्या नाही, पण तिच्या पोटातली २,७०१ आहे: १ ते ७३ ची बेरीज. शेजारीही पाहून ठेवा: २,९४,४०८ = ८ × २७ × २९ × ४७ आणि २,९४,४१० = २ × ५ × ५९ × ४९९.

दोन वर्गांच्या बेरजेचा भाग मात्र सावकाश बघण्यासारखा आहे. ३७, ७३, १०९ तिघांनाही ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून प्रत्येक जण एकाच रीतीने दोन वर्गांची बेरीज होतो (^ ही खूण घाताची): ३७ = ६^२ + १^२, ७३ = ८^२ + ३^२, १०९ = १०^२ + ३^२. अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो आणि तो दोन रीतींनी मांडता येतो. हे ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र. (अ^२ + ब^२)(क^२ + ड^२) साठी एकदा (अक − बड) आणि (अड + बक) घ्यायचे, एकदा (अक + बड) आणि (अड − बक). ३७ आणि ७३ वरून २,७०१ = ४५^२ + २६^२ = ५१^२ + १०^२. त्या दोघांना १०९ शी गुणलं की चार जोड्या मिळतात:

३७२^२ + ३९५^२
५२८^२ + १२५^२
४८०^२ + २५३^२
५४०^२ + ५३^२

चारही बेरजा २,९४,४०९ येतात, आणि पाचवी जोडी नाही. यावरून उलटही जाता येतं. ती ऑयलरची युक्ती. मूळ संख्येला अशी एकच जोडी असते, तेव्हा दोन जोड्या दिसल्या की संख्या संयुक्त ठरलीच. ५४०, ५३ आणि ५२८, १२५ घ्या. ५४० − ५२८ = १२ आणि १२५ − ५३ = ७२. ७२ : १२ हे प्रमाण ६ : १, आणि ६^२ + १^२ = ३७. विभाजक हजर. पायथागोरसची त्रिकूटंही इथूनच: ५४० आणि ५३ वरून ५७,२४० आणि २,८८,७९१ या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण २,९४,४०९. हा कर्ण असलेले पूर्णांक बाजूंचे त्रिकोण एकूण १३, त्यांतले ४ मूलभूत, म्हणजे बाजूंना सामाईक विभाजक नसलेले.

१/२,९४,४०९ दशांशात मांडलं तर किती अंकांनी आवर्तन होतं? १/३७ चं आवर्तन ३ अंकांचं, १/७३ चं ८, १/१०९ चं १०८. लसावि २१६. वर लसावि म्हणून आलेले तेच २१६. आवर्तन याहून लांब असूच शकलं नसतं.

अंकांवर बेतलेले प्रकार शेवटी, आणि थोडक्यात, कारण ते संख्येपेक्षा तिच्या लेखनपद्धतीबद्दल जास्त बोलतात. अंकांची बेरीज २८; विषम संख्येला २८ ने भाग जाणं शक्य नाही, म्हणून ती हर्षद नाही. मूळ विभाजकांच्या अंकांची बेरीज ३०, म्हणून स्मिथ संख्याही नाही (तिथे या दोन बेरजा सारख्या लागतात), दोनाने हुकली. अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेलं तर १९८, १४६, ५३, ३४, २५, २९, ८५, ८९ असं चक्रात अडकते, १ ला पोचत नाही, म्हणजे ‘आनंदी’ नाही. द्विमान पद्धतीत तिचं रूप १०००११११११०००००१००१, १९ अंकी, त्यात १ नऊ वेळा. लिहिताना मधला एखादा १ गाळणं फार सोपं आहे. पाया ६ मध्ये मात्र ती खुलते: १०१५१००१. सुरुवातीचा १ म्हणजे ६ चा सातवा घात, तेच ऑयलरचं फल २,७९,९३६. उरलेले अंक म्हणजे तिच्याशी सहमूळ नसलेल्या संख्यांची मोजणी, १४,४७३. मघाच्या पकडणाऱ्या पायांपेक्षा एक जास्त, कारण यात ती स्वतःही मोजली जाते.